स्वतंत्रपूर आणि तारेचे कुंपण

कडेगावहून विट्यामार्गे आटपाडीकडे गेले की स्वतंत्रपूर लागते. औंध संस्थानात १९३९ साली तिथल्या माळावर कैद्यांची वसाहत उभी राहिली. कल्पना मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याची, मान्यता राजे भवानराव पंतप्रतिनिधींची. खुनाची शिक्षा भोगणारे कैदी बायकामुलांसह राहिले, शेती करू लागले. उंच भिंत नाही, बंदूकधारी पहारा नाही. १९५७ साली व्ही. शांताराम यांनी त्यावरून ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. कथा आटपाडीच्याच मातीतल्या गदिमांची. प्रेक्षकांनी डोळे पुसले. तुरुंग मात्र होते तसेच राहिले.

त्याच काळात सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये काय होते? काटेरी तारेचे कुंपण, हजेरी, पास. आत कैकाडी, भामटे, मांग-गारुडी. अनेकांवर कोणताच गुन्हा शाबीत नव्हता. १८७१च्या कायद्याने जातच गुन्हेगार ठरवली होती. म्हणजे खुनी माणसाला उघडे रान आणि पाळण्यातल्या पोराला तार! हा विरोधाभास आपल्या इतिहासकारांना फारसा बोचलेला दिसत नाही.

अभ्यास झाला नाही असे कोणी म्हणू नये. १९४९ साली नेमलेल्या अय्यंगार समितीने देशभर फिरून कायदा रद्द करण्याची शिफारस केली. १९५२ साली तो देशभर रद्दही झाला. पण जन्माने गुन्हेगार ठरलेल्यांना ‘सराईत’ म्हणण्याची सोय नव्या कायद्यांनी केली. मुंबई राज्याचा तसा कायदा १९५९चा. नाव बदलले, पोलीस ठाण्यातली नोंदवही राहिली. तुरुंगांच्या नियमपुस्तिकांतली जातवार कामाची वाटणी घटनाबाह्य ठरवायला सर्वोच्च न्यायालयाला ३ ऑक्टोबर २०२४ उजाडला.

खुल्या तुरुंगांचेही तसेच. मुल्ला समितीने १९८३ साली त्यांची शिफारस केली. स्वतंत्रपूरचा अनुभव तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचा होता. तरीही असे तुरुंग आजही मोजकेच आहेत, कारण कडक शिक्षेच्या भाषणाला टाळ्या मिळतात आणि समितीच्या अहवालाला कपाट मिळते.

शिवाय स्वतंत्रपूरला जायचे तर आधी शिक्षा झालेली हवी. २०२२ अखेर देशातल्या ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ जण कच्चे कैदी होते. संशयावरून उचललेला, जामिनाला सातबारावाला माणूस उभा करू न शकणारा पारधी तरुण असतो तो त्यांच्यात.