कांजूरमार्गला ‘बेस्ट’ची बस येते, मग वीज का येत नाही?

कांजूरमार्ग मुंबई महापालिकेच्या हद्दीत आहे. येथे ‘बेस्ट’ची बस धावते, विजेचे देयक मात्र ‘महावितरण’चे येते. एकाच पालिकेच्या उपक्रमाची चाके येथवर पोहोचली आणि तारा माहीम-शीवलाच थांबल्या. असे का झाले?

त्यासाठी क्रॉफर्ड मार्केटपर्यंत मागे जावे लागेल. पालिकेने ईस्टर्न इलेक्ट्रिक लाइट अँड पॉवर कंपनीशी करार केला आणि १८८२ साली त्या मंडईत विजेचे दिवे लागले. पुढच्याच वर्षी कंपनी बुडाली. मंडईत पुन्हा गॅसबत्त्या आल्या. मग शहराचा कचरा जाळून त्यावर इंजिने चालवण्याची योजना पुढे आली. पण पावसात भिजलेला मुंबईचा कचरा एकटा जळेना, सोबत कोळसा किंवा गॅस लागणारच होता. बेत बारगळला. (आज कांजूरच्या क्षेपणभूमीवर कचऱ्यातून निघणाऱ्या वायूपासून थोडीफार वीज होते, हे त्या अभियंत्यांना कळायला हवे होते.)

अखेर वीजघर उभे राहिले ते खासगी कंपनीचे. ‘बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज’ने १९०५ साली वाडीबंदरला ४,३०० किलोवॉटचे केंद्र सुरू केले, मुख्यतः ट्रामसाठी, १९१२ साली माझगावला दुसरे. मात्र १९१५ साली खोपोलीत टाटांची जलविद्युत सुरू झाली आणि सह्याद्रीच्या पाण्यापुढे दुरून आणलेल्या कोळशाचा निभाव लागेना. कंपनी टाटांकडून वीज घेऊन वाटू लागली. म्हणूनच ७ ऑगस्ट १९४७ रोजी पालिकेने कंपनी ताब्यात घेतली तेव्हा तिच्या पदरी मुख्यतः तारा, ग्राहक, ट्राम आणि बसगाड्या आल्या.

आता मुख्य गाठ. १९५० आणि १९५७ या दोन टप्प्यांत पालिकेची हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत सरकली. तिच्यामागे बसही गेली. वीज जाऊ शकली नाही, कारण वीजपुरवठा परवान्यावर चालतो आणि परवान्याचे क्षेत्र पालिकेच्या हद्दीबरोबर आपोआप वाढत नाही. उपनगरांचा बराचसा भाग १९२९ साली स्थापन झालेल्या ‘बॉम्बे सबर्बन’ कंपनीकडे होता. कांजूर-भांडुप-मुलुंडचा पट्टा पुढे १९६० साली स्थापन झालेल्या राज्य वीज मंडळाकडे आला आणि २००५ साली मंडळाचे विभाजन झाल्यावर ‘महावितरण’कडे.

याचा हिशेबही गमतीदार आहे. अनेक वर्षे ‘बेस्ट’च्या बससेवेचा तोटा तिच्या वीजग्राहकांकडून भरून काढला जाई. म्हणजे कांजूरमार्गला थांबणाऱ्या बसचा काही भार कुलाबा-दादरच्या वीज देयकावर पडत होता.