होटगीचे ऊन आणि गळाचा दोरा

दक्षिण सोलापूर तालुक्यातील होटगीचा तलाव सोलापूरकरांच्या परिचयाचा आहे. एप्रिल-मे महिन्यांत या परिसरातील कमाल तापमान अनेकदा ४० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. अशा दिवसांत गळाला लागलेला मोठा मासा दोरा तोडून निसटला, की दोष उन्हाच्या झळांना दिला जातो. प्रत्यक्षात केवळ हवेच्या तापमानामुळे दोरा तुटत नाही. उष्णता, सूर्यप्रकाश, पाणी आणि घर्षण यांचा तो एकत्रित परिणाम असतो आणि दोऱ्याच्या प्रकारानुसार तो बदलतो.

नायलॉन
तंगूस या नावाने ओळखला जाणारा एकेरी दोरा नायलॉनचा असतो. अमेरिकेतील ड्युपाँ कंपनीत वॉलेस कॅरोदर्स यांनी १९३५ मध्ये नायलॉन तयार केले. ते वितळण्यास २०० अंशांहून अधिक तापमान लागते. त्यामुळे उन्हाने दोरा वितळण्याचा प्रश्न उद्भवत नाही. मात्र तापल्यावर तो मऊ होतो व अधिक ताणला जातो. थंडीत तो ताठर बनतो आणि रिळावरची वेटोळी पाण्यातही कायम राहतात. नायलॉन पाणी शोषून घेते. भिजलेल्या दोऱ्याची ताकद साधारण १० ते १५ टक्क्यांनी घटते. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी होणारी हानी मात्र कायमची असते.

फ्लुरोकार्बन
हा दोरा पाणी जवळजवळ शोषत नाही आणि अतिनील किरणांना चांगला तोंड देतो. त्यामुळे प्रखर उन्हात तो अधिक टिकतो. तो मुळातच ताठ असून थंडीत हा ताठरपणा आणखी वाढतो. गाठ आवळताना होणाऱ्या घर्षणाच्या उष्णतेने तो कमकुवत होऊ शकतो.

विणलेला दोरा
पॉलिएथिलिनच्या बारीक तंतूंचा हा दोरा त्याच जाडीच्या नायलॉनपेक्षा कितीतरी मजबूत असतो व फारसा ताणला जात नाही. परंतु तो सुमारे १४५ अंशांनाच वितळतो आणि त्याआधीच त्याची ताकद घटू लागते. जोराने ओढला जाणारा दोरा दुसऱ्या दोऱ्यावर घासल्यास त्या ठिकाणी तो चटकन तुटतो. अतिथंड प्रदेशांत तंतूंमधील पाणी गोठून तो कडक होतो. सोलापूरच्या हिवाळ्यात ही अडचण येत नाही.

घ्यावयाची काळजी
उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत किंवा तापलेल्या पत्र्याखाली रीळ ठेवू नये. ते सावलीत, कोरड्या जागी ठेवावे. कोणतीही गाठ आवळण्यापूर्वी ओली करावी आणि हळूहळू ओढावी. दोऱ्याचे टोक बोटांमधून फिरवून पाहावे. खरखरीत किंवा पांढुरका झालेला भाग कापून टाकावा. नायलॉनचा दोरा उन्हाळ्याच्या हंगामानंतर बदलणे हिताचे.

हा कापलेला तुकडा काठावर टाकणे मात्र घातक ठरते. उन्हाने दोऱ्याची ताकद जाते, पण तो लवकर नाहीसा होत नाही. मासा धरण्यास निरुपयोगी ठरलेला दोरा पाणपक्ष्याच्या पायाला फास बसण्याइतका मजबूत असतोच. हिवाळ्यात तलावांवर येणाऱ्या स्थलांतरित पक्ष्यांचा विचार करून असे तुकडे गोळा करून घरी न्यावेत आणि बारीक कापूनच कचऱ्यात टाकावेत.