‘पिशवी’ आणि तिचे अस्तर : महाराष्ट्रातील स्त्री-आरोग्याच्या इतिहासातील एक प्रकरण

प्रस्तावना

मराठवाड्यातील स्त्री आपल्या गर्भाशयाला ‘पिशवी’ म्हणते. अंगावरून पांढरे जाणे, पाळीच्या दिवसांत रक्त अधिक जाणे, ओटीपोट दुखणे, कंबर धरणे अशा निरनिराळ्या तक्रारींना तिच्यापुरते एकच उत्तर मिळत आले आहे : पिशवी खराब झाली आहे. शरीरशास्त्राच्या दृष्टीने मात्र ही पिशवी एकजिनसी वस्तू नाही. गर्भाशयाचे मुख, त्याची स्नायूंची जाड भिंत आणि आतील अस्तर हे तीन वेगळे भाग असून त्यांचे आजार, त्या आजारांची कारणे आणि उपचारही वेगळे आहेत. पांढरे जाणे हे बहुधा योनिमार्गाच्या वा मुखाच्या संसर्गाचे लक्षण असते. गाठी भिंतीत होतात. पाळीची अनियमितता आणि अतिरक्तस्राव यांचे मूळ पुष्कळदा अस्तरात व त्यावर नियंत्रण ठेवणाऱ्या संप्रेरकांत सापडते. हा भेद विसाव्या शतकात शास्त्राने स्पष्ट केला. परंतु महाराष्ट्रातील ग्रामीण स्त्रीपर्यंत तो पोहोचला नाही. तो का पोहोचला नाही आणि त्याचे काय परिणाम झाले, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

अस्तराचे शास्त्र

प्राचीन भारतीय वैद्यकाने गर्भधारणेसाठी ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज हे चार घटक आवश्यक मानले. सुश्रुतसंहितेतील ही मांडणी शेतीच्या रूपकावर उभी आहे. बी कितीही सकस असले तरी जमीन तयार नसेल तर अंकुर धरत नाही, हे निरीक्षण आजच्या ज्ञानाशी बऱ्याच अंशी जुळते. मात्र ‘क्षेत्र’ या संकल्पनेत आतील अस्तराचा स्वतंत्र विचार नव्हता आणि सूक्ष्मदर्शकाच्या अभावी तो शक्यही नव्हता.

पाश्चात्त्य वैद्यकातही अस्तराचे खरे स्वरूप उशिराच उमगले. एकोणिसाव्या शतकात अस्तराच्या तुकड्यात ग्रंथींची वाढ दिसली की वैद्य त्यास दाह समजत आणि खरवडून काढीत. १९०८ मध्ये व्हिएन्ना येथील हिट्शमन व ॲडलर या दोन संशोधकांनी दाखवून दिले, की ज्यास रोग म्हटले जात होते तो बहुतांशी महिन्याच्या चक्रातील स्वाभाविक बदल होता. पाळी संपताच अस्तर अवघे काही मिलीमीटर उरते. पुढील पाळीपूर्वी ते दहा-बारा मिलीमीटर किंवा त्याहूनही जाड होते. वरचा थर गळून पडतो, तळाचा थर शिल्लक राहतो आणि त्यातून नवे अस्तर तयार होते. शरीरातील दुसरी कोणतीही ऊती दर महिन्याला अशी झडून, व्रण न ठेवता पुन्हा उभी राहत नाही. पुढे १९५० मध्ये नॉयेस, हर्टिग आणि रॉक यांनी अस्तराच्या नमुन्यावरून चक्राचा दिवस ओळखण्याचे निकष प्रसिद्ध केले.

या शोधाचा मथितार्थ असा, की चक्राचा कितवा दिवस आहे हे ठाऊक नसता अस्तराच्या जाडीवरून निदान करणे निरर्थक ठरते. सोनोग्राफीच्या कागदावरील ‘अस्तर जाड आहे’ हे वाक्य आजही पाळी चालू असलेल्या स्त्रीला भीती घालण्यास पुरेसे ठरते, यास काय म्हणावे? पाळी बंद झाल्यानंतर पुन्हा रक्त जाऊ लागल्यास मात्र हीच जाडी अत्यंत महत्त्वाची असते. कारण अस्तराच्या कर्करोगाची ती खूण असू शकते.

तपासणीपासून दूर राहिलेली स्त्री

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्त्रियांसाठी स्त्री-डॉक्टर हवेत ही जाणीव महाराष्ट्रात निर्माण झाली. १८८६ हे वर्ष या दृष्टीने संस्मरणीय होय. त्याच वर्षी आनंदीबाई जोशी फिलाडेल्फिया येथून पदवीधर झाल्या आणि मुंबईत कामा रुग्णालय सुरू झाले. तथापि या साऱ्या प्रयत्नांचा भर प्रसूतीवर होता. बाळंतपण सोडून इतर वेळी स्त्रीला काय होते, हा प्रश्न पुढील शंभर वर्षे दुय्यमच राहिला.

स्वातंत्र्योत्तर काळात शासनाचे लक्ष गर्भाशयाकडे वळले ते लोकसंख्येच्या निमित्ताने. १९६५ मध्ये लिपीज लूप देशभर बसविण्यास प्रारंभ झाला. हे साधन अस्तरातच काम करते आणि त्याचा प्रमुख दुष्परिणाम म्हणजे वाढलेला रक्तस्राव. आधीच रक्तक्षयाने ग्रासलेल्या बायकांना त्याचा त्रास झाला, पाठपुरावा अपुरा पडला आणि लूपविषयी भय पसरले. कार्यक्रमाचा भर मग नसबंदीकडे गेला. ‘मुले झाली, ऑपरेशन झाले, आता पिशवीचे काय काम?’ हा युक्तिवाद त्यानंतरच्या काळात रुजला. त्याची मुळे लोकसमजुतीत आहेत तितकीच, किंबहुना अधिक, शासकीय धोरणात आहेत.

याच सुमारास मुंबईत अस्तराकडे अगदी निराळ्या नजरेने पाहिले जात होते. ६ ऑगस्ट १९८६ रोजी के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्या प्रजननविषयक संशोधन संस्थेतील डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून बाह्य फलनाने गर्भधारणा झालेले बाळ जन्मास आले. या तंत्रात गर्भ रुजविण्यास अस्तर अनुकूल असणे हीच कसोटी असते. कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी १९७८ मध्ये गर्भ गोठवून पुढच्या चक्रात सोडला, त्यामागेही संप्रेरकांनी उत्तेजित केलेल्या चक्रातील अस्तर गर्भास पोषक नसते हा विचार होता. त्यांचे श्रेय त्यांना हयातीत मिळाले नाही; ते १९९७ मध्ये जाहीरपणे दिले ते डॉ. आनंद कुमार यांनीच.

गडचिरोली आणि उस्मानाबाद

मुंबईतील या यशानंतर तिसऱ्याच वर्षी, जानेवारी १९८९ मध्ये, ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग व सहकाऱ्यांचा गडचिरोली जिल्ह्यातील अभ्यास प्रसिद्ध झाला. वसा आणि अमिर्झा या दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी त्यांनी केली. ५५ टक्के स्त्रियांनी तक्रारी सांगितल्या. परंतु प्रत्यक्षात ९२ टक्के स्त्रियांना एक वा अनेक स्त्रीरोग होते. दर स्त्रीमागे हे प्रमाण सरासरी ३.६ आजार इतके होते आणि एकूण आजारांपैकी निम्मे जननमार्गाच्या संसर्गाचे होते. यापूर्वी तपासणी व उपचार लाभलेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या.

या आकड्यांनी जागतिक आरोग्यधोरणाला वळण दिले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे नाही. कुटुंबनियोजन आणि प्रसूती यांपलीकडे ‘प्रजनन आरोग्य’ नावाचे क्षेत्र आहे, हे मान्य होण्यास त्यांचा हातभार लागला. येथे लक्षणीय बाब अशी, की यातील बहुतेक आजार औषधाने बरे होण्याजोगे होते. गडचिरोलीने विचारलेला प्रश्न शस्त्रक्रियेचा नव्हता. या स्त्रीला प्रथम कोण तपासणार, हा तो प्रश्न होता.

दुसरा अभ्यास मराठवाड्यातीलच आहे. तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी ४९७ गावांतील ३० ते ५९ वयोगटाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास हाती घेतला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीमुळे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटले. तुलनेसाठीच्या गटास नियोजित चाचणी दिली नाही, यावर नैतिक आक्षेप घेतले गेले आणि ते रास्तही होते. मात्र या अभ्यासाने एक गोष्ट निर्विवाद सिद्ध केली : ज्या कर्करोगाचे ग्रामीण स्त्रीला सर्वाधिक भय वाटते तो मुखाचा असतो, अस्तराचा नव्हे, आणि तो एका साध्या चाचणीने वेळीच हेरता येतो.

बीड

उस्मानाबादच्या सीमेला लागून बीड जिल्हा आहे. एप्रिल २०१९ मध्ये बीडमधील ऊसतोड मजूर स्त्रियांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांच्या बातम्या देशभर गाजल्या. जूनमध्ये तत्कालीन आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी तीन वर्षांत जिल्ह्यात अशा ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्याचे विधिमंडळात सांगितले. त्यानंतर डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. तिच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. म्हणजे दर सहा स्त्रियांमागे सुमारे एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१५-१६) १५ ते ४९ वयोगटातील भारतीय स्त्रियांत हे प्रमाण ३.२ टक्के होते. दोन्ही पाहण्यांतील वयोगट सारखे नसले तरी ही तफावत दुर्लक्षिण्याजोगी नाही.

वृत्तपत्रांनी याचे कारण असे सांगितले, की पाळीमुळे कामाचा खाडा होऊ नये म्हणून बायका पिशवी काढून घेतात. हे अर्धसत्य आहे. नवराबायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि खाड्याचा दंड त्यातून कापला जातो, हे खरेच. परंतु निरोगी गर्भाशय केवळ सोयीसाठी काढून टाकणाऱ्या स्त्रिया असे चित्र उभे केल्याने मूळ आजार पुन्हा नजरेआड झाला. फडावर पाणी नाही, शौचालय नाही, पाळीचे कापड धुण्यास आडोसा नाही. यातून होणारा संसर्ग हा गडचिरोलीत नोंदलेल्या संसर्गाच्याच जातीचा. तोडीच्या सहा महिन्यांत उपचार घेणे शक्य नसते, आणि गावी परतल्यावर खासगी दवाखान्यात गाठ पडते ती कर्करोगाच्या भीतीशी. पांढरे जाणे असो वा रक्त जाणे, उपाय एकच सुचविला जातो. शस्त्रक्रियेचा खर्च भागविण्यासाठी पुन्हा उचल घ्यावी लागते.

अतिरक्तस्रावावर गोळ्या, लोह, संप्रेरके, संप्रेरकयुक्त तांबी असे टप्प्याटप्प्याचे उपचार उपलब्ध आहेत. शंका असल्यास अस्तराचा नमुना तपासता येतो. छत्रपती संभाजीनगरचे शासकीय रुग्णालय, लोकांच्या तोंडी असलेली ‘घाटी’, हे सर्व करू शकते; पण बीडच्या डोंगरपट्ट्यातील मजूर स्त्रीला तेथे वारंवार येणे म्हणजे मजुरी बुडविणे. तरुणपणी गर्भाशयाबरोबर बीजकोशही काढले गेल्यास रजोनिवृत्ती अकाली येते, हाडे ठिसूळ होतात आणि मोळी उचलणाऱ्या बाईचे उत्पन्नाचे साधनच जाते.

येथे मराठवाड्यातच दिसणारा एक विरोधाभास नोंदविणे आवश्यक आहे. वाळूज औद्योगिक क्षेत्रातील बजाजनगर ही कामगारवस्ती याच कोरडवाहू जिल्ह्यांतून आलेल्या कुटुंबांनी भरलेली आहे. कारखान्यात नोंद असलेल्या आणि कर्मचारी राज्य विमा योजनेच्या कक्षेत येणाऱ्या कामगार स्त्रीला, आवश्यक वर्गणी भरली असल्यास, आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळण्याचा हक्क आहे. कंत्राटी कामगारांना तो हक्क अनेकदा कागदावरच राहतो, हे वेगळे. परंतु त्याच गावची, त्याच भावकीतील जी स्त्री ऊसतोडीला गेली, तिच्या आजारपणाच्या दिवसावर वेतन तर नाहीच, उलट दंड आहे. एकाच आजारातून एक औषधाकडे आणि दुसरी शस्त्रक्रियेकडे जाते, याचे स्पष्टीकरण अस्तरात शोधून सापडणार नाही.

२०१९ नंतर बीडमध्ये गर्भाशय काढण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक करण्यात आली. २०२२ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या याचिकेवर ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती सर्व राज्यांना लागू करण्याचे निर्देश दिले. परवानगीचा हा टप्पा शस्त्रक्रियेच्या दारात येतो. त्याआधीची काही वर्षे ती स्त्री फडावर आणि गावात तीच तक्रार घेऊन वावरत असते, आणि त्या वर्षांत तिला तपासण्याची जबाबदारी कोणाची, याचे उत्तर परवानगीच्या नियमात नाही.