प्रागची शनिवार-रविवारची वारी

परदेशीं शिकावयास गेलेल्या मुलांकडून घरीं जो वृत्तान्त येतो त्यांत अभ्यासाचा भाग थोडा आणि प्रवासाचा फार, अशी तक्रार पुष्कळ घरांतून ऐकूं येते. शुक्रवारीं दुपारीं व्याख्यानें संपलीं कीं पांच-सात जणांचें टोळकें पाठीवर पिशव्या टाकून आगगाडींत बसतें, दोन दिवसांत एखादें प्राचीन नगर पायांखालीं घालतें आणि रविवारीं रात्रीं खोलीवर परत येऊन पडतें. जर्मनींतील ड्रेस्डेन येथें शिकणाऱ्या मुलांच्या बाबतींत हें नगर बहुधा प्राग असतें. एल्बे नदीच्या कांठाकांठानें जाणारी गाडी त्यांस अडीच तासांच्या आंतबाहेर तेथें पोंचविते. मग घरीं छायाचित्रें येतात : पूल, घड्याळ, किल्ला. आईवडील तीं पाहतात, मूल सुखरूप आहे एवढ्यानें समाधान पावतात, आणि मनांत म्हणतात कीं, विद्येसाठीं एवढा खर्च केला तो काय ह्या सहलींसाठीं?

आमचें मत थोडें निराळें आहे. प्रागला गेलेल्या विद्यार्थ्यानें वेळ दवडला असें सहसा म्हणतां येणार नाहीं. दवडला असेलच तर तो एवढ्यामुळें कीं, ज्या रस्त्यांवरून तो हिंडला त्यांचा इतिहास त्याच्यासारख्याच विद्यार्थ्यांनीं घडविला आहे, हें त्याला कोणीं सांगितलें नाहीं. राजांचीं, व्यापाऱ्यांचीं आणि धर्मगुरूंचीं नगरें युरोपांत पुष्कळ आहेत. प्राग ह्या तिघांचेंहि आहे. परंतु विद्यार्थ्यांच्या भाग्याशीं आणि दुर्भाग्याशीं इतकें निकट जडलेलें दुसरें राजधानीचें शहर दाखविणें कठीण.

प्रथम त्या आगगाडीच्या मार्गाचीच कथा पाहूं. जातांना दोन देशांमधील सरहद्द केव्हां ओलांडली हें मुलांच्या ध्यानांतहि येत नाहीं. २१ डिसेंबर २००७ रोजीं चेक प्रजासत्ताक शेंगेनच्या करारानें जोडलेल्या प्रदेशांत आलें आणि तेथील नित्याची तपासणी उठली. जर्मनींत राहण्याचा परवाना ज्याच्याजवळ आहे अशा भारतीय विद्यार्थ्यासहि प्रागच्या अल्प मुक्कामासाठीं निराळी परवानगी काढावी लागत नाहीं. (२०२३ पासून जर्मनीनें आपल्या बाजूस पुन्हां तपासणी आरंभिली, तेव्हां परततांना कागद हातीं असलेले बरे.) ह्याच मार्गावर १९८९ च्या शरद् ऋतूंत काय घडलें तें पाहावें. पूर्व जर्मनींतील हजारों माणसें, त्यांत कडेवर मुलें घेतलेलीं तरुण जोडपींहि फार, प्रागला येऊन पश्चिम जर्मनीच्या वकिलातीच्या कुंपणावरून आंत उड्या टाकीत होतीं. वकिलातीच्या बागेंत तंबू पडले, पावसानें चिखल झाला. ३० सप्टेंबरच्या सायंकाळीं परराष्ट्रमंत्री गेन्शर ह्यांनीं सज्ज्यांत उभे राहून त्यांस जाण्याची मोकळीक मिळाल्याचें सांगावयास आरंभ केला, तों आनंदाच्या आरोळींत त्यांचें वाक्य बुडून गेलें. ह्या लोकांना पश्चिमेकडे नेणाऱ्या गाड्या ड्रेस्डेनवरूनच गेल्या; आणि ४ ऑक्टोबरच्या रात्रीं त्या गाड्यांत चढण्यासाठीं ड्रेस्डेनच्या स्थानकावर लोटलेल्या जमावाची व पोलिसांची मोठी चकमक झाली. आज आमचीं मुलें खाण्याचे पुडे घेऊन जेथें गाडीची वाट पाहतात, तेंच हें स्थानक.

परंतु प्रागच्या विद्यार्थ्यांची कथा ह्याहून फार जुनी आहे. इ. स. १३४८ च्या एप्रिलच्या ७ तारखेस बोहेमियाचा राजा चौथा चार्ल्स ह्यानें प्रागच्या विद्यापीठाची सनद दिली. आल्प्स पर्वताच्या उत्तरेस आणि ऱ्हाइन नदीच्या पूर्वेस असें विद्यापीठ तोंवर नव्हतें. मौजेची गोष्ट ही कीं, हा राजा स्वतः परदेशीं शिकलेला होता. त्याचें जन्मनांव वेन्सेस्लास. सातव्या वर्षीं त्याला पॅरिसच्या राजदरबारीं धाडण्यांत आलें आणि तेथें त्याचें नांवहि बदललें. ज्या विद्वान् धर्मोपदेशकाचा सहवास त्याला तेथें लाभला तो पियेर रोझे पुढें सहावा क्लेमेंट ह्या नांवानें पोप झाला. प्रागच्या विद्यापीठास अनुज्ञा देणारें १३४७ चें आज्ञापत्र त्याचेंच. परदेशांत लहानपणीं जुळलेला स्नेह एका राष्ट्राच्या कामीं आल्याचें असें उदाहरण क्वचितच मिळेल.

ह्या विद्यापीठांत विद्यार्थी व अध्यापक ह्यांचे चार संघ असत आणि त्यांस 'राष्ट्रें' म्हणत : बोहेमियन, बव्हेरियन, सॅक्सन आणि पोलिश. कारभारांत प्रत्येकास एक मत. अर्थात् स्थानिक बोहेमियनांस एक आणि परक्यांस तीन, अशी स्थिति होती. १४०९ च्या जानेवारींत चार्ल्सचा पुत्र चौथा वेन्सेस्लास ह्यानें कुत्ना होरा येथें हुकूम काढून हें प्रमाण उलटें केलें : बोहेमियनांस तीन मतें, बाकीच्या सर्वांस मिळून एक. जर्मन अध्यापक आणि विद्यार्थी रागानें निघून गेले आणि त्यांच्यांतील अनेकांनीं त्याच वर्षाच्या डिसेंबरांत लाइप्झिगचें विद्यापीठ उभें केलें. त्याच वर्षीं यान हुस हा प्रागचा कुलगुरु झाला. सहा वर्षांनीं, ६ जुलै १४१५ रोजीं, कॉन्स्टान्स येथें त्याला जिवंत जाळण्यांत आलें. चेक इतिहासकारांस कुत्ना होराचा हुकूम राष्ट्रीय विजय वाटे, जर्मनांस अन्याय. आम्हांस वाटतें, दोघांचेंहि कांहीं अंशीं खरें आहे. मतांचें पहिलें प्रमाण स्थानिकांस जाचक होतें यांत शंका नाहीं. परंतु त्या एका हुकुमानें सर्व मध्ययुरोपचें विद्यापीठ एका प्रांताचें होऊन बसलें, ही किंमतहि लहान नव्हे.

मुलें ज्या घड्याळापुढें तासाच्या ठोक्याची वाट पाहत मान वर करून उभीं असतात, तें ह्याच काळचें. त्याचा कर्ता म्हणून हानुश नांवाच्या कारागिराची कथा वाटाडे सांगतात : त्यानें दुसरें तसें घड्याळ करूं नये म्हणून नगरशेटजींनीं त्याचे डोळे काढविले वगैरे. अशा कथा आपल्याकडेहि वास्तूवास्तूस चिकटलेल्या आहेत. खरी हकीकत एका जुन्या लेखावरून निश्चित झाली आहे. तें यंत्र १४१० त कादान्यच्या मिकुलाश ह्या घड्याळजीनें केलें, आणि त्यामागील ज्योतिर्गणित विद्यापीठांतील यान शिंडेल ह्या पंडिताचें असावें असें मानतात. म्हणजे हें प्रसिद्ध आश्चर्य राजाच्या क्रौर्याचें नव्हे, कारागीर आणि अध्यापक एकत्र बसल्याचें फळ होय. आज खिडक्यांतून फिरणाऱ्या प्रेषितांच्या मूर्ति मात्र जुन्या नव्हेत. १९४५ च्या मे महिन्यांत, युद्ध संपतां संपतां, जर्मनांच्या माऱ्यानें तेथें आग लागली, तींत पूर्वीच्या जळाल्या.

घड्याळाकडे पाहणाऱ्यांपैकीं फारच थोडे खालीं पाहतात. तेथून कांहीं पावलांवर फरसबंदींत सत्तावीस पांढरे क्रूस बसविलेले आहेत. २१ जून १६२१ रोजीं सम्राटाविरुद्ध बंड करणाऱ्या सत्तावीस जणांस त्या चौकांत देहान्त शासन झालें. त्यांत विद्यापीठाचा कुलगुरु यान येसेनियस होता. हाहि परदेशीं शिकलेला. पादुआस वैद्यक शिकून आलेल्या ह्या माणसानें १६०० मध्यें प्रागला लोकांसमक्ष शवच्छेदन करून दाखविलें होतें. शिर उडविण्यापूर्वीं त्याची जीभ कापण्यांत आली.

पुलासंबंधीं येथें एवढेंच सांगतों कीं, १६४८ मध्यें, तीस वर्षांच्या युद्धाच्या अखेरीस, स्वीडिश सैन्यानें नदीपलीकडील भाग घेतला तेव्हां जुन्या नगराच्या बाजूचा पुलाचा मोहरा धरून ठेवणाऱ्यांत विद्यार्थ्यांची एक पलटण होती, आणि तिचा नायक प्लाही नांवाचा जेझुइट होता. नदीकडील बुरुजाच्या तोंडावरील नक्षी तेव्हां उडाली, ती आजहि उडालेलीच आहे. शहर पडलें नाहीं.

आतां ज्याच्यासाठीं हा लेख लिहावयास घेतला त्या तारखेकडे येऊं. १९३९ च्या मार्चांत हिटलरनें बोहेमिया आणि मोराव्हिया गिळंकृत केले. २८ ऑक्टोबर हा चेकोस्लोव्हाक स्वातंत्र्याचा दिवस. त्या दिवशीं प्रागमध्यें निदर्शनें झालीं, गोळ्या झाडल्या गेल्या, आणि यान ओप्लेताल हा वैद्यकाचा विद्यार्थी जखमी होऊन ११ नोव्हेंबरास वारला. १५ नोव्हेंबरास त्याच्या अंत्ययात्रेस हजारों विद्यार्थी जमले. १७ नोव्हेंबरच्या पहांटे वसतिगृहांवर छापे पडले. विद्यार्थी-संघांच्या नऊ पुढाऱ्यांस चौकशीवांचून रूझिन्ये येथें ठार मारण्यांत आलें, बाराशेंहून अधिक विद्यार्थ्यांस बर्लिननजीकच्या साक्सनहाउसन येथील छळछावणींत नेण्यांत आलें, आणि सर्व चेक विद्यापीठांस टाळें लागलें. तें तीन वर्षांसाठीं असें सांगण्यांत आलें होतें; उघडलें तें १९४५ मध्यें, जेते गेल्यावर. त्याच शहरांतलें जर्मन विद्यापीठ मात्र ह्या सर्व काळांत चालूच होतें. एका राष्ट्राला गुलाम करावयाचें तर त्याच्या मुलांना अक्षरशत्रु करण्याची गरज नाहीं, त्यांचीं वरचीं दारें बंद केलीं कीं पुरे, हें ज्यांनीं ओळखलें होतें त्यांचें हें कृत्य. १९४१ त लंडन येथें जमलेल्या निरनिराळ्या देशांच्या विद्यार्थ्यांनीं १७ नोव्हेंबर हा विद्यार्थ्यांचा आंतरराष्ट्रीय दिवस ठरविला. विमानानें प्रागला जाणाऱ्यांनीं एवढें लक्षांत ठेवावें कीं, शहराचा विमानतळ ज्या भागांत आहे त्याचें नांव रूझिन्ये.

युद्ध संपलें; पुढें १९४८ त कम्युनिस्टांचें राज्य आलें, १९६८ त रशियाच्या पुढारीपणाखालीं परकी फौजा शिरल्या. १६ जानेवारी १९६९ रोजीं यान पालाख ह्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें राष्ट्रीय संग्रहालयापुढें स्वतःस पेटवून घेतलें. तीन दिवसांनीं तो गेला. ह्या मार्गाची स्तुति करणें आमच्यानें होत नाहीं. परंतु ज्या लोकांनीं तोंड मिटून घेतलें होतें त्यांस तो वीस वर्षें विसरतां आला नाहीं, हें सत्य आहे.

आणि मग १९८९ चा नोव्हेंबर आला. १७ तारीख त्या वर्षीं शुक्रवारीं पडली. ओप्लेतालच्या वेळच्या घटनेस पन्नास वर्षें झालीं म्हणून आल्बेर्टोव्ह येथें, शास्त्र व वैद्यक शाखांच्या इमारतींपाशीं, सभा ठरली होती; तिला सरकारची संमति होती, कारण नाझींचा निषेध करण्यास कोणतें सरकार हरकत घेणार? सुमारें पंधरा हजार माणसें जमलीं. तेथून मेणबत्त्या घेऊन तीं व्हिशेह्रादच्या टेकडीवरील स्मशानांत, कवि माखा ह्याच्या समाधीपाशीं गेलीं. कार्यक्रम येथेंच संपावयाचा. परंतु कोणी घरीं गेलें नाहीं. जमाव नदीकांठानें शहराकडे निघाला, वाटेंत वाढत गेला, आणि राष्ट्रीय नाट्यगृहाशीं वळून नारोद्नी नांवाच्या रस्त्यांत शिरला. तेथें पोलिसांनीं पुढची व मागची वाट अडविली. मुलींनीं शिपायांच्या ढालींत फुलें खोंवलीं, मुलें रिते हात वर करून जमिनीवर बसलीं. कांहीं वेळानें लाठ्या सुरू झाल्या, आणि बाहेर पडण्यास जी एक चिंचोळी वाट ठेवली होती तींतून प्रत्येकास मार खात जावें लागलें. शेंकडों जखमी झाले.

त्या रात्रीं एक विद्यार्थी ठार झाल्याची वार्ता पसरली. ती खोटी होती. परंतु तिनें लोक पेटले, हें इतिहासानें लपवून चालणार नाहीं. जे आईबाप मुलांना "तूं ह्यांत पडूं नको" म्हणून वीस वर्षें सांगत आले होते, त्यांना प्रथमच वाटलें कीं आतां आपण घरीं बसणें हें पाप आहे.

शनिवारीं नाट्यशिक्षणसंस्थेच्या विद्यार्थ्यांनीं संप पुकारला आणि नट त्यांस मिळाले. त्या सायंकाळीं नाट्यगृहांत पडदा वर गेला तो खेळासाठीं नव्हे. नट पुढें आले, त्यांनीं विद्यार्थ्यांचें पत्रक वाचून दाखविलें आणि प्रेक्षकांस घरीं धाडलें. रविवारीं रात्रीं एका लहान नाट्यगृहांत व्हाट्स्लाव्ह हाव्हेल व त्यांचे सहकारी जमले आणि 'नागरिक मंच' ही संघटना स्थापन झाली. शुक्रवार ते रविवार, एवढाच काय तो अवधि! सोमवारीं विद्यापीठांत संप सुरू झाला. मुलें टोळ्याटोळ्यांनीं गाड्यांतून कारखान्यांकडे आणि खेड्यांकडे निघालीं, कारण वर्तमानपत्रें व दूरदर्शन सरकारच्या हातीं असल्यामुळें राजधानींत काय घडलें हें बाहेर कोणास ठाऊक नव्हतें. कित्येक ठिकाणीं कामगारांनीं त्यांना फाटकाशींच अडविलें, कित्येक ठिकाणीं आंत बोलावून पोटभर जेवूं घातलें. २७ नोव्हेंबरास दोन तास सारा देश थांबला. २९ डिसेंबरास हाव्हेल राष्ट्राध्यक्ष झाले. सधन कुळांत जन्मल्याच्या अपराधासाठीं ह्या गृहस्थास तरुणपणीं इच्छित विद्यापीठशिक्षण नाकारलें गेलें होतें, ही गोष्ट येथें सांगण्याजोगी आहे.

सरहद्दी उघडल्या तेव्हां विद्यार्थ्यांचा ओघ दोन्ही बाजूंनीं वाहूं लागला. युरोपीय विद्यार्थ्यांस परस्परांच्या देशांत शिकण्याची सोय करणारी, एरास्मस ह्या पंडिताच्या नांवाची योजना १९८७ त निघाली होती. चेक विद्यापीठें तींत १९९८ मध्यें आलीं. पांचशें नव्वद वर्षांपूर्वीं मतांच्या भांडणावरून प्राग सोडून गेलेल्यांचीं मुलें पाहुणीं होऊन परत आलीं म्हणावयाचीं.

तेव्हां प्रागला जाणाऱ्या आमच्या मुलामुलींनीं पूल पाहावा, घड्याळ पाहावें, तेथील प्रसिद्ध पेयाविषयीं आम्ही कांहीं बोलत नाहीं. फक्त रविवारचे दोन तास राखून ठेवावे. ट्रामनें आल्बेर्टोव्हला जावें. तेथें शोभा अशी नाहीं : शाखांच्या इमारती, चढाचा रस्ता, भिंतीवर स्मृतिफलक. रविवार असल्यामुळें वर्दळहि नसते. तेथून व्हिशेह्रादवर चढावें, स्मशानांत स्मेताना आणि द्वोर्झाक ह्या संगीतकारांच्या समाधीहि पाहून घ्याव्या, आणि मग त्या रात्रींचा जमाव गेला त्याच वाटेनें नदीकांठानें नारोद्नी रस्त्यापर्यंत चालत यावें. पाऊण तासाची वाट आहे. रस्त्याच्या कडेला एका जुन्या घराच्या कमानीखालीं भिंतींतून वर उचललेले कांहीं ब्रॉन्झचे हात दिसतात, त्यांच्याखालीं तारीख कोरलेली आहे. कमानींत सावली असते आणि हात फार मोठे नाहींत. घाईनें जाणाऱ्याच्या नजरेंतून ते सहज सुटतात.