पीजचा मनोरा

भारतीय दूरचित्रवाणीचा इतिहास बहुधा महानगरांच्या क्रमाने सांगितला जातो : १९५९ साली दिल्ली, १९७२ साली मुंबई, १९८२ साली एशियाड आणि रंग. गुजरातच्या खेडा जिल्ह्यातले पीज हे गाव या क्रमात बसत नाही, म्हणून त्याची रवानगी तळटीपेत होते. आम्हांला मात्र या तळटीपेशी थोडे थांबावेसे वाटते.

१ ऑगस्ट १९७५ रोजी ‘साइट’ हा उपग्रह-प्रयोग सुरू झाला. ‘नासा’चा एटीएस-६ हा उपग्रह वर्षभरासाठी मिळाला होता आणि सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत कार्यक्रम थेट उतरत होते. या कल्पनेमागचे विक्रम साराभाई १९७१ मध्येच निवर्तले होते. प्रयोगाची धुरा वाहणाऱ्यांत कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस होते, याची आठवण मराठीत क्वचितच निघते. त्याच सुमारास ‘इस्रो’ने नडियादजवळच्या पीज येथे १ किलोवॉटचे लहानसे प्रक्षेपण केंद्र उभारले. परिसरातील सुमारे ४०० गावांत सार्वजनिक संच बसले. पुष्कळ ठिकाणी ते दूध सहकारी संस्थेच्या इमारतीत होते, म्हणजे माणसे रोज जमतच होती तिथे.

१९७६ मध्ये उपग्रह परत गेला, मनोरा राहिला. पीजची खरी कहाणी येथून सुरू होते असे आमचे मत आहे. उपग्रहाला एकाच वेळी अनेक राज्यांशी बोलायचे असल्याने त्याची भाषा कोणाचीच पूर्ण नव्हती. पीजला एकाच जिल्ह्याशी बोलायचे होते, त्यामुळे पडद्यावर चरोतरची बोली येऊ शकली. साहित्याच्या अभ्यासकाला याचे मोल निराळे सांगायला नको : ईश्वर पेटलीकरांच्या ‘जनमटीप’मधून ज्या प्रदेशातली माणसे गुजराती कादंबरीत आली, तोच प्रदेश आता स्वतःच्या उच्चारांत ऐकू येऊ लागला. सुटसुटीत कॅमेरे घेऊन निर्माते गावांत जात. नाटके, मालिका, बाहुल्यांचे खेळ यांत गावचीच माणसे लेखक आणि नट म्हणून उतरत. विषय साधे नव्हते. शेतमजुरांचे किमान वेतन, जातिभेद, दारू – ज्यांचे हितसंबंध दुखावत, तेही त्याच संचासमोर बसलेले असत. जाहिराती नव्हत्या, त्यामुळे प्रायोजकाची मर्जी राखण्याचा प्रश्न नव्हता.

येथे भाबडेपणा नको. चित्रफितींवर अखेरचा हात अहमदाबादच्या स्टुडिओत फिरे. काय दाखवायचे हे ठरवण्यात अभियंते आणि समाजशास्त्रज्ञ यांचा वाटा मोठा होता. बोली गावाची असली तरी संपादन शहराचे होते. तरीही कार्यक्रमाआधी आणि नंतर प्रेक्षकाला जाऊन विचारण्याची जी शिस्त तेथे पाळली गेली, ती आपल्या कित्येक वाङ्मयीन संस्थांनाही साधलेली नाही.

शेवट कोणत्याही अपयशाने झाला नाही. १९८४ च्या सुमारास देशभर प्रक्षेपकांचे जाळे झपाट्याने पसरत होते; अहमदाबादच्या अधिक शक्तिशाली प्रक्षेपणातून दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम खेड्याला दिसणारच होता, मग वेगळे पीज कशाला, असा हिशेब मांडला गेला. १९८५ मध्ये केंद्र बंद झाले. प्रक्षेपक मद्रासच्या दुसऱ्या वाहिनीसाठी हलवण्यात आला. गावकऱ्यांनी विरोध केला. ग्रामीण संज्ञापनासाठीचे ‘युनेस्को’चे पारितोषिक या प्रकल्पाच्या वाट्याला आले, पण मनोरा मुका झाला तो झालाच.