महाराष्ट्रातील रेड वाइन

महाराष्ट्रातील रेड वाइन म्हणजे मुख्यतः नाशिक, पुणे, सांगली व सोलापूर या जिल्ह्यांत काळ्या द्राक्षांपासून तयार होणारी वाइन होय. तिच्यासाठी लावल्या जाणाऱ्या कॅबर्ने सोव्हिन्यों, शिराझ व मेर्लो या प्रमुख जाती मूळच्या फ्रान्समधील आहेत. वाइन चाखण्याची, वाढण्याची व जपून ठेवण्याची परिभाषाही बव्हंशी बोर्दो व बर्गंडी या फ्रेंच प्रदेशांतूनच आलेली आहे. हवामान मात्र पूर्णपणे वेगळे असल्याने तेथील सूचना येथे जशाच्या तशा लागू पडत नाहीत. परभणीसारख्या, उन्हाळ्यात पारा ४० अंश सेल्सियसच्या वर जाणाऱ्या जिल्ह्यात तर रेड वाइनचा प्रश्न चवीच्याही आधी तापमानाचा ठरतो.

पार्श्वभूमी

राज्यातील आधुनिक वाइननिर्मितीचा आरंभ १९८० च्या दशकात पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे श्यामराव चौगुले यांच्या शातो इंडाज या कंपनीने केला. राजीव सामंत यांनी स्थापन केलेल्या नाशिकजवळच्या सुला विनयार्ड्सची पहिली वाइन २००० साली बाजारात आली. २००१ मध्ये राज्य शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर करून उत्पादन शुल्कात सवलत दिली आणि विंचूर (ता. निफाड) व पलूस (जि. सांगली) येथे वाइन पार्क उभारले. सोलापूर जिल्ह्यातील अकलूज परिसरात मोहिते-पाटील कुटुंबाच्या भागीदारीतून फ्रातेल्ली ही कंपनी उभी राहिली. तेथे फ्रेंच जातींबरोबरच सांजोवेझे ही इटालियन जातही लावली गेली. ‘नाशिक व्हॅली वाइन’ या नावाला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे.

ही वाढ सरळ रेषेत झाली नाही. २००८-०९ च्या जागतिक मंदीच्या काळात मागणी घटली, ठरलेला माल उचलला जाईना आणि अनेक शेतकऱ्यांनी वाइनच्या जातींच्या बागा उपटून टाकल्या. वाइनची द्राक्षे लहान, बियांची व जाड सालीची असल्याने ती खाण्यासाठी बाजारात विकता येत नाहीत. कारखान्याने माल नाकारला की शेतकऱ्याकडे दुसरा ग्राहक उरत नाही.

हंगाम व द्राक्षाचे स्वरूप

कॅबर्ने सोव्हिन्यों ही जात कॅबर्ने फ्रांक व सोव्हिन्यों ब्लां यांच्या नैसर्गिक संकरातून निर्माण झाली, हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी १९९७ मध्ये जनुकीय चाचणीद्वारे सिद्ध केले. शिराझ म्हणजे फ्रान्सच्या ऱ्होन खोऱ्यातील सिरा. महाराष्ट्राच्या उष्णतेत शिराझ अधिक सहजपणे रुळली.

फ्रान्समध्ये वेल हिवाळ्यात सुप्तावस्थेत जाते. महाराष्ट्रात ती कधीच पुरती झोपत नाही. म्हणून वर्षातून दोनदा छाटणी करावी लागते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळा सरताना गोडी छाटणी केली जाते. पीक घेतले जाते ते गोडी छाटणीनंतरचेच. काढणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते.

या वेळापत्रकाचा एक परिणाम फारसा लक्षात घेतला जात नाही. बोर्दोत द्राक्ष पिकत असताना हवा दिवसेंदिवस थंड होत जाते. नाशिकमध्ये ते पिकत असताना उन्हाळा जवळ येत असतो. उष्णतेत द्राक्षातील मॅलिक आम्ल लवकर खर्ची पडते, साखर मात्र वेगाने वाढते. परिणामी वाइनमध्ये अल्कोहोल पुरेसे येते, पण आंबटपणा कमी पडतो व सामू वाढतो. थंड रात्री हा तोटा काही अंशी भरून काढतात. उरलेली उणीव बहुधा टार्टारिक आम्ल मिसळून दूर केली जाते. उष्ण प्रदेशांत ही रूढ पद्धत आहे.

टिकाऊपणा

रेड वाइन वर्षानुवर्षे सुधारत जाते ही समजूत बोर्दोच्या मोजक्या वाइनींवरून पसरली. तेथील मेदोक भागातील १८५५ च्या वर्गवारीत स्थान मिळालेल्या मळ्यांची वाइन चांगल्या सालात २० ते ३० वर्षे टिकते. भरपूर टॅनिन, पुरेसे आम्ल आणि २२५ लिटरच्या ओक लाकडी पिंपातील मुरवण यांमुळे तिला हे आयुष्य लाभते. बोर्दोतीलही बहुतेक साधी वाइन काही वर्षांतच पिण्यासाठी असते.

महाराष्ट्रातील साधी रेड वाइन बाटलीवर नोंदलेल्या हंगामाच्या वर्षापासून २ ते ३ वर्षांत आणि पिंपात मुरवलेली ‘रिझर्व्ह’ प्रकारची वाइन साधारण ५ ते ७ वर्षांत संपवणे इष्ट ठरते. भेट मिळालेली बाटली ‘एखाद्या खास प्रसंगासाठी’ दिवाणखान्याच्या शोकेसमध्ये ठेवून देणे हा ती वाया घालवण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे.

साठवण

रेड वाइनसाठी १२ ते १४ अंश सेल्सियस इतके स्थिर तापमान, अंधार, मध्यम आर्द्रता आणि हादऱ्यांपासून मुक्त जागा योग्य मानली जाते. बुचाची बाटली आडवी ठेवतात, म्हणजे बूच ओले राहून आकसत नाही व हवा आत शिरत नाही. फिरकीच्या झाकणाची बाटली उभी ठेवली तरी चालते. भारतीय वाइनींपैकी पुष्कळशा आता अशाच झाकणाच्या असतात.

फ्रान्समध्ये हे तापमान तळघरात आपोआप मिळते. जमिनीखाली काही मीटर खोलीवर वर्षभर जे तापमान राहते, ते त्या ठिकाणच्या वार्षिक सरासरीच्या जवळपास असते, आणि बोर्दोची वार्षिक सरासरी १४ अंशांच्या आसपास आहे. परभणीची सरासरी २५ अंशांच्या वर जाते. त्यामुळे मराठवाड्यातील जुन्या वाड्यांची तळघरे किंवा ज्वारी साठवण्याची पेवे बाहेरच्या उन्हाच्या मानाने गार वाटली, तरी वाइनच्या दृष्टीने ती उष्णच असतात. रासायनिक क्रियांचा वेग तापमान १० अंशांनी वाढल्यास ढोबळमानाने दुप्पट होतो. म्हणजे अशा तळघरातील वाइन बोर्दोतील वाइनच्या दुपटीहून अधिक वेगाने म्हातारी होते. ३० अंशांच्या वर ती काही आठवड्यांतच ‘शिजू’ लागते: फळाचा ताजेपणा जाऊन उकडलेल्या मनुकांसारखा वास येतो, आतील द्रव प्रसरण पावून बूच वर सरकते आणि कधी गळतीही होते.

परभणी हा कापूस, सोयाबीन, तूर व ज्वारीचा जिल्हा आहे. नाशिकची बाटली येथे येते ती साडेतीनशे किलोमीटरांहून अधिक रस्ता मालमोटारीतून कापून. एप्रिल-मेमधील हा प्रवास व त्यानंतरचे गोदाम यांतच वाइनचे पुष्कळ नुकसान होऊ शकते. म्हणून शक्यतो हिवाळ्यात, अलीकडच्या हंगामाची आणि बूच किंवा झाकण वर न आलेली बाटली घेणे श्रेयस्कर. वाइनसाठीचे खास शीतकपाट उपयुक्त असले, तरी वारंवार वीज जाते तेथे तापमानाचा चढउतार होतच राहतो. काही महिन्यांपुरता घरचा फ्रिज पुरतो. तो वाइनसाठी जरा जास्तच थंड व कोरडा असला, तरी मे महिन्यातील माळ्यापेक्षा कितीतरी बरा.

वाढप

रेड वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ द्यावी, या प्रचलित सूचनेने भारतात बराच घोटाळा केला आहे. ही सूचना युरोपातील जुन्या, थंड घरांसाठी होती आणि तिचा अर्थ १६ ते १८ अंश असा होता. परभणीत मे महिन्यातील खोली ३५ अंशांची असू शकते. या तापमानाला अल्कोहोल नाकात जाते आणि इतर सर्व गंध दबतात. म्हणून बाटली वाढण्यापूर्वी काही वेळ फ्रिजमध्ये ठेवतात. फार थंड केल्यास मात्र तुरटपणा बोचू लागतो.

जुन्या वाइनमधील गाळ वेगळा करण्यासाठी किंवा कोवळ्या वाइनला हवा लागावी म्हणून ती दुसऱ्या भांड्यात ओततात. त्यासाठी खास सुरई लागतेच असे नाही, काचेचा स्वच्छ जग पुरतो. तांब्या-पितळेचे भांडे मात्र टाळावे. ताक किंवा चिंचेच्या सारासारखी वाइनही त्यात कळकते. पेला तृतीयांशच भरतात. ७५० मिलिलिटरच्या बाटलीतून असे पाच पेले होतात. उरलेली वाइन झाकण लावून फ्रिजमध्ये ३ ते ४ दिवस बरी राहते.

आस्वादन

प्रथम पांढऱ्या कापडावर पेला तिरका धरून रंग पाहतात. कोवळ्या वाइनची कड जांभळट, तर जुनीची विटकरी दिसते. बाटलीवरील वर्ष अलीकडचे असूनही कड विटकरी असेल, तर साठवण बिघडल्याची शंका घ्यावी.

नंतर पेला हलकेच फिरवून वास घेतात. पाश्चात्त्य वर्णनांत येणारी ब्लॅककरंटसारखी फळे मराठी वाचकाने बहुधा पाहिलेली नसतात. जांभूळ व करवंद या उपमा येथे अधिक उपयोगी पडतात. शिराझमधील काळ्या मिरीचा वास ही केवळ उपमा नव्हे. रोटंडोन हे संयुग मिरी व शिराझ या दोहोंत आढळते. ओकच्या पिंपातून उतरणारा लवंगेचा गंधही खुद्द लवंगेत असणाऱ्या युजेनॉलचाच असतो. कॅबर्नेचे द्राक्ष पुरते पिकले नसल्यास हिरव्या ढोबळी मिरचीचा वास येतो. ओल्या पुठ्ठ्यासारखा किंवा दमट पोत्यासारखा वास हा बुचातील दोष होय आणि सिरक्याचा उग्र वास जिवाणूंनी वाइन आंबवल्याचे लक्षण. असे दोष हवा लागून जात नाहीत.

तोंडात आंबटपणा जाणवतो व लाळ सुटते. टॅनिनचा तुरटपणा याच्या उलट असतो: लाळेतील प्रथिने टॅनिनला चिकटतात आणि कच्ची सुपारी चघळल्यावर पडते तशी कोरड पडते.

जेवणातील मेद व प्रथिने टॅनिनची धार कमी करतात, त्यामुळे मटणाबरोबर तुरट कॅबर्ने जुळते. पण तिखट अल्कोहोलचा दाह वाढवते. काळ्या मसाल्याच्या झणझणीत रश्श्याबरोबर म्हणूनच कमी टॅनिनची, किंचित अधिक थंड केलेली शिराझ बरी; येसराच्या आमटीपुढे तर बहुतेक रेड वाइन हरतात.

कायदा व आरोग्य

राज्यात मद्याची विक्री, बाळगणे व सेवन यांचे नियमन १९४९ च्या दारूबंदी अधिनियमान्वये होते. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकण्यास मान्यता देण्याचा निर्णय घेतला. द्राक्ष उत्पादकांना बाजारपेठ मिळेल असा त्यामागील युक्तिवाद होता. अण्णा हजारे यांच्यासह अनेकांनी त्यास तीव्र विरोध केला. वाइनला दारू म्हणावे की नाही, हा वाद त्या निमित्ताने राज्यभर रंगला. रसायनशास्त्रापुरते पाहता दोन्हींतील अल्कोहोल एकच आहे. वाइनमध्ये त्याचे प्रमाण साधारण १२ ते १४ टक्के असते. रेड वाइन हृदयास हितकर असते ही समजूत दीर्घकाळ रूढ होती, परंतु मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यास सुरक्षित म्हणता येत नाही, अशी भूमिका जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये मांडली.