उभ्या जंगलाचा भाव: पाइतेर सुरुईंचा कार्बन प्रकल्प

#थ्रेड

१/ ७ सप्टेंबर १९६९, ब्राझीलचा स्वातंत्र्यदिन. अ‍ॅमेझॉनच्या नैर्ऋत्येस, आजच्या रोंडोनिया राज्यात, 'फुनाई' या सरकारी आदिवासी खात्याचा पाइतेर सुरुई जमातीशी प्रथम अधिकृत संपर्क झाला. त्यांच्या भूमीला पुढे याच तारखेचे नाव मिळाले: 'सेते दे सेतेम्ब्रो', अर्थात सात सप्टेंबर.

२/ संपर्कासोबत गोवर, फ्लू आणि क्षय आले. या रोगांशी सुरुईंच्या शरीरांची कधी ओळखच नव्हती. थोड्याच वर्षांत बहुसंख्य लोक दगावले; उरले ते काही शेकडा.

३/ मागोमाग रस्ता आला. १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या कर्जातून बीआर-३६४ महामार्ग डांबरी झाला आणि जमिनीच्या शोधातील कुटुंबांचा लोंढा रोंडोनियात शिरला. १९८३ मध्ये सुमारे २ लाख ४८ हजार हेक्टरच्या सुरुई भूमीला कायदेशीर मान्यता मिळाली. तरी लाकूड व्यापारी आत पोहोचलेच. रोख पैशाचे दुसरे साधन नसल्याने काही सुरुईंनीही झाडे विकली.

४/ या काळात वाढलेला एक मुलगा म्हणजे अल्मिर नारायामोगा सुरुई (जन्म १९७४). जीवशास्त्र शिकून परतल्यावर त्यांनी जमातीसाठी ५० वर्षांचा आराखडा मांडला. अडचण साधी होती: तोडलेल्या झाडाला भाव होता, उभ्या झाडाला नव्हता.

५/ तो भाव देऊ पाहणारी पद्धत म्हणजे कार्बन क्रेडिट. प्रकल्प नसता तर किती जंगल तुटले असते, याचा आधी अंदाज बांधायचा. प्रत्यक्षात त्याहून जितके कमी तुटेल, तितका कार्बन हवेत जाण्यापासून वाचला असे धरायचे. वाचलेल्या प्रत्येक टन कार्बन डायऑक्साइडमागे एक क्रेडिट. ते विकत घेणारी कंपनी आपले उत्सर्जन त्यातून वजा दाखवते.

६/ पण झाडातल्या कार्बनचा मालक कोण? १९८८ च्या राज्यघटनेनुसार आदिवासी भूमीची मालकी संघराज्याची, मात्र तेथील माती, नद्या आणि तलाव यांच्या संपत्तीचा उपभोग केवळ आदिवासींचा. कार्बनही या उपभोगात मोडतो, असा कायदेतज्ज्ञांचा अभिप्राय २००९ मध्ये सुरुईंच्या बाजूने आला.

७/ त्याच वर्षी गामेब, गामिर, माकोर आणि काबान या चारही कुळांनी सहमती दिली आणि लाकूडतोड थांबवण्याचा निर्णय झाला.

८/ २०१२ मध्ये प्रकल्पाला आंतरराष्ट्रीय मानकांचे प्रमाणपत्र मिळाले. आदिवासींच्या नेतृत्वाखालील हा पहिलाच असा प्रकल्प मानला गेला. २०१३ मध्ये 'नातुरा' या ब्राझिलियन सौंदर्यप्रसाधन कंपनीने १ लाख २० हजार टनांची क्रेडिट्स घेतली. पैसा जमातीच्या निधीत जमा होऊ लागला; सुरुवातीच्या वर्षांत वृक्षतोडही बरीच घटली.

९/ तडा आतून गेला. पैसा सर्वांपर्यंत समान पोहोचत नाही, निर्णय मोजकेच घेतात, अशी तक्रार काही सुरुई नेत्यांनी केली. जंगलाचा सौदाच मान्य नसलेले चर्चचे एक आदिवासी मंडळही विरोधात उभे राहिले. सहमतीवर उभ्या असलेल्या प्रकल्पाची सहमतीच विरू लागली.

१०/ त्यातच २०१५ च्या सुमारास सुरुई भूमीत हिरे आणि सोन्याचे बेकायदा खाणकाम बोकाळले. येथे राज्यघटनेची दुसरी बाजू दिसते: भूगर्भातील खनिजे आदिवासींची नव्हेत, संघराज्याची. कायद्याने उघडे असलेले कार्बनचे उत्पन्न संथ आणि सामूहिक होते. कायद्याने बंद असलेले हिऱ्यांचे उत्पन्न तात्काळ आणि वैयक्तिक.

११/ घुसखोरांना हटवणे हे सरकारचे काम होते, पण ते अपुरे पडले. वृक्षतोड वाढली, अंदाज आणि वास्तव यांतील अंतर मिटले, त्यामुळे विकण्याजोगे क्रेडिटही उरले नाही. २०१८ मध्ये प्रकल्प स्थगित झाला.

१२/ २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत अल्मिर यांची कन्या त्शाइ सुरुई जगातील नेत्यांसमोर बोलली. डिसेंबर २०२४ मध्ये ब्राझीलने कार्बन बाजाराचा कायदा केला आणि आपल्या भूमीतील क्रेडिट्सवरचा आदिवासींचा हक्क त्यात मान्य केला. २००९ चा तो अभिप्राय आता कायदा झाला आहे.

१३/ सुरुईंचा प्रकल्प फसला, म्हणून कल्पनाच खोटी ठरत नाही. पण तिची मर्यादा स्पष्ट होते. क्रेडिट जंगलाला भाव देते, पहारा देत नाही. तो पहारा गावाच्या एकीला आणि राज्याच्या कायद्याला मिळून द्यावा लागतो. सुरुई भूमीत हे दोन्ही एकाच वेळी कमी पडले.